जोडवी काढून ठेवा: कोरोउओमाच्या गोठलेल्या धबधब्यांकडे जाताना

माझा मुलगा फिनलंडमध्ये ओउलूला नोकरीला आहे. त्याच्यामुळे मला दोन हिवाळे तिकडे राहायला मिळाले आणि दोन्ही वेळा मी कोरोउओमाच्या घळीत गोठलेले धबधबे बघायला गेले. पहिल्यांदा डिसेंबरात, एकटीच एका ग्रुपबरोबर. तेव्हा बरंच काही चुकलं. दुसऱ्यांदा मार्चमध्ये, माझ्या 61 वर्षांच्या नणंदेला घेऊन. तो दिवस मनासारखा झाला. परत आल्यापासून ओळखीतले लोक विचारतात, आम्हाला जमेल का, काय घालायचं, काय न्यायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी नाशिकची, तीस वर्षं सह्याद्रीत चालणारी. त्यामुळे पाच किलोमीटरच्या वाटेचं मला काही वाटलं नव्हतं आणि पाय खरंच कुठे अडले नाहीत. अडलं ते सवयीमुळे. आपण गड चढताना घामाने निथळतो, माथ्यावर पोचलो की वाऱ्याला तोंड करून बसतो आणि तो गारवा अंगावर घेतो. उणे वीसमध्ये हेच केलं तर दहा मिनिटांत दात वाजायला लागतात आणि गेलेली ऊब लवकर परत येत नाही. तिथे अंगाला घाम येऊ न देणं हे चालण्याइतकंच मोठं काम आहे. पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

जागा कुठे आहे आणि पाणी गोठतं कसं

कोरोउओमा ही फिनलंडच्या लॅपलँड भागात, पोसियोच्या हद्दीतली घळ. सुमारे 30 किलोमीटर लांब आणि ठिकठिकाणी 100 मीटरहून खोल. कातळातल्या फार जुन्या भेगेतून ती तयार झाली. तळाशी कोरोयोकी नावाची नदी वाहते. पूर्वी जंगलात तोडलेले ओंडके याच नदीतून वाहवत नेत. बहुतेक सहली रोव्हानिएमी शहरातून निघतात. तिथून गाडीने दीड ते दोन तास लागतात. आर्क्टिक वृत्ताची रेघ रोव्हानिएमीच्या उत्तरेला साधारण 8 किलोमीटरवर जाते. काटेकोर बोलायचं तर घळ त्या रेघेच्या थोडी दक्षिणेलाच आहे, पण थंडी काही रेघ बघून थांबत नाही.

धबधब्यांबद्दल माझी एक समजूत तिथे गेल्यावर बदलली. मला वाटायचं की उंचावरून कोसळणारं पाणी कोसळता कोसळताच थिजतं. इथे तसं होत नाही. उन्हाळ्यात याच जागी आलात तर बऱ्याच ठिकाणी नुसता ओला कातळ आणि त्यावरून ओघळणारी बारीक धार दिसेल. वरच्या रानातलं, दलदलीतलं पाणी कड्याच्या भेगांतून पाझरत असतं. आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांत पावसाळा संपून चार महिने झाले तरी कातळातून पाणी झिरपत राहतं ना, तसाच हा पाझर. जमिनीच्या पोटातलं पाणी गोठणबिंदूच्या वर असतं, म्हणून बाहेर कितीही कडाका असला तरी ते येत राहतं. बाहेर आलं की थिजतं, त्यावरून पुढचं ओघळतं आणि तेही थिजतं. असे पापुद्र्यावर पापुद्रे चढत महिन्या-दोन महिन्यांत पाच-सहा मजली इमारतीइतका बर्फ कड्याला लटकतो. जवळून पाहिलं तर समईच्या दांडीवरून ओघळून थिजलेल्या तुपासारखं दिसतं, गाठीगाठींचं, गोलाईदार.

प्रत्येक धबधब्याला नाव आहे. रुस्केआ व्हिर्ता म्हणजे तपकिरी प्रवाह. त्याचा रंग खरंच गूळ विरघळवलेल्या पाण्यासारखा आहे, कारण दलदलीतला कुजका पाला आणि लोह यांचा अंश पाण्यात उतरतो. यास्का योकुनेन हे चार्ली ब्राऊन या व्यंगचित्रातल्या मुलाचं फिनिश नाव. आणि सगळ्यांत मोठा मम्मुत्ती, म्हणजे मॅमथ, 50 मीटरहून उंच. त्याच्यात फिकट हिरव्यापासून निळ्यापर्यंतच्या छटा दिसतात. बर्फात हवेचे बुडबुडे अडकले की तो पांढरा दिसतो. बुडबुडे नसलेला घट्ट, जाड बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. म्हणून जिथे निळं दिसेल तिथे बर्फ जुना आणि जाड आहे असं समजायचं.

केव्हा जावं

साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बर्फ असतो. माझं स्पष्ट मत आहे की फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हाच काळ धरावा. डिसेंबरच्या शेवटी रोव्हानिएमीत सूर्य जेमतेम दोन तास क्षितिजावर असतो. पुढेमागे निळसर संधिप्रकाश असतो आणि तो सुंदरही दिसतो, पण खोल घळीत तो फार पुरत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा परतीची चढण कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात केली. धबधबे राखाडी दिसले आणि रंग मला फोटो घरी उजळून बघताना कळले. मार्चच्या मध्याला दिवस जवळपास बारा तासांचा होतो. बर्फ भरपूर असतो आणि थंडीही उणे पाच-दहाच्या आसपास असू शकते. अर्थात याची हमी कुणी देत नाही. मार्चमध्येही पारा उणे पंचवीसला गेलेला मी बघितला आहे.

मार्चच्या शेवटी मात्र दुसरी काळजी असते. उन्हाने बर्फाची कड्यावरची पकड सैल होते आणि तुकडे पडतात. त्या दिवसांत जायचं ठरलं तर गाइड जिथे थांबवेल तिथेच थांबा.

गाइड घ्यायचा का, आणि कसा निवडायचा

वाट सगळ्यांना मोकळी आहे, तिकीट नाही. साउक्कोव्हाराच्या वाहनतळापासून कोरोन्यॅ नावाची सुमारे 5 किलोमीटरची गोल वाट आहे आणि तिला खुणा केलेल्या आहेत. मुलगा मला म्हणाला होता, "आई, आपण गाडी घेऊन आपलं आपणच जाऊ." मी नको म्हटलं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सांगेन. बर्फाळ रस्त्यावर, अर्धवट उजेडात, मध्येच रेनडिअर आडवे येत असताना गाडी चालवणं हेच एक वेगळं काम आहे. शिवाय आपलं अंग थंडीत कसं वागतं हे आपल्याला माहीत नसतं. गाइडला ते दिसतं.

सहल ठरवताना मी चार प्रश्न विचारते. एका गाइडमागे किती माणसं? आठपर्यंत ठीक, पंधरा असतील तर पुढचा धावतो आणि मागचा गारठतो. प्रत्यक्ष चालणं किती तास? सबंध दिवस आठ तासांचा असला तरी चालणं साधारण तीन-चार तासच असतं. बूट आणि वरचा जाड सूट तुम्ही देता का, आणि माझ्या मापाचा आहे का? चौथा प्रश्न, फार थंडी पडली तर काय करता? या प्रश्नाला "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे विचारते. "इतक्या खाली गेलं तर वाट छोटी करतो, त्याहून खाली गेलं तर रद्द करून पैसे परत देतो" असं सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

शाकाहारी असाल तर ते आधीच लिहून कळवा. दुपारी शेकोटीवर मक्करा, म्हणजे सॉसेज, भाजतात. भाजीपाल्याचं सॉसेज मिळतं, पण ते दुकानातून आणावं लागतं आणि त्या रानात आयत्या वेळी कुठून येणार? माझी नणंद पक्की शाकाहारी. तिचं सॉसेज भाजायला आम्ही वेगळी काठीही मागितली होती आणि गाइडने ती आनंदाने तासून दिली.

कपडे, सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

सुती काहीही अंगाला लावायचं नाही. बनियन नाही, मोजे नाहीत, जीन्स तर मुळीच नाही. सूत घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही, मग तेच ओलं फडकं दिवसभर अंगावर राहतं. सगळ्यांत आत मेरिनो लोकरीचा पातळ थर हवा. अंगाला धरून बसणारा, पण आवळणारा नको. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट. एक पिसांचं किंवा कापूस भरल्यासारखं फुगीर जाकीट सॅकमध्ये वरच ठेवायचं. ते चालताना घालायचं नसतं. थांबलो की लगेच, थंडी वाजायच्या आधी, ते सगळ्यावरून चढवायचं.

मी पहिल्यांदा याच्या नेमकं उलट केलं. वाहनतळावर उतरले, उणे अठराचा पहिला वारा लागला आणि होतं ते सगळं अंगावर चढवलं. पंधरा मिनिटांत पाठीवरून घामाचा ओहोळ. मग पहिल्या धबधब्यापाशी अर्धा तास फोटोंसाठी उभी राहिले आणि तो घाम पाठीवर गार व्हायला लागला. आमच्या गाइडने माझी मान बघून ओळखलं असावं. तिने जवळ येऊन माझ्या कॉलरमधून दोन बोटं आत घातली आणि म्हणाली, ओली आहेस, आता थांबायचं नाही, हळूहळू चालत राहा. तिने नंतर सांगितलेला नियम मी तेव्हापासून पाळते. चालायला सुरुवात करताना थोडीशी हुडहुडी भरली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. दर वीस मिनिटांनी स्वतःच्या मानेमागे हात घालून बघायचं. दमट लागलं की चाल कमी करायची, चेन उघडायची, टोपी काढायची. सगळ्यांत आतला एक जादा थर प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. शेकोटीपाशी ओला काढून कोरडा घातला की माणूस नवा होतो.

हातमोजे दोन हवेत. आत बोटांचे पातळ, वर अंगठा तेवढा वेगळा असलेले जाड, मिटन म्हणतात ते. बोटं एकमेकांना चिकटून असली की एकमेकांना ऊब देतात. वरच्या मिटनला दोरी लावून ती मनगटात अडकवा. फोटो काढताना तो खाली पडला आणि आत भुसभुशीत बर्फ गेला तर तुमचा दिवस संपला.

आता पायांचं. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या. आपल्याकडे थंडी म्हटलं की मोज्यांवर मोजे चढवायची पद्धत आहे. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले तर रक्त खेळायला जागा उरत नाही आणि एका मोज्यापेक्षा जास्त गार पडतं. एकच जाड लोकरी मोजा घाला, आणि बुटात बोटं हलवता आली पाहिजेत.

आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुठल्याही यादीत वाचायला मिळाली नव्हती. जोडवी काढून ठेवा. चमकी, कुड्या, बांगड्या, गळ्यातलं सोनंही. धातू ऊब भराभर ओढून घेतो, आणि बोटाला घट्ट बसलेलं कडं रक्तही अडवतं. लग्नापासून जोडवी पायात आहेत, ती पायात आहेत हेसुद्धा मला जाणवत नव्हतं. त्या डिसेंबरात शेकोटीपाशी बसल्यावर गाइड प्रत्येकाला विचारत होती, बोटं कळतायत का? मी म्हटलं, डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट कळत नाहीय. तिने तिथेच माझा बूट काढायला लावला. बोट जोडव्याच्या पुढे पांढरं पडलं होतं, मेणासारखं, आणि दाबलं तरी जाणीव नव्हती. जोडवं हळूच फिरवत फिरवत काढलं. मी पाय शेकोटीकडे न्यायला लागले तर तिने तो धरून ठेवला. बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही, म्हणून आगीजवळ न्यायचं नाही. चोळायचंही नाही, बर्फाने तर कधीच नाही. तिने स्वतःचे हातमोजे काढले आणि हातांच्या दोन्ही तळव्यांत माझा पाय धरून दहा मिनिटं बसून राहिली. आधी काहीच कळेना, मग एकदम आग व्हायला लागली, ती आग म्हणजे रक्त परत आल्याची खूण. पुढे चार-पाच दिवस बोटाला मुंग्या येत होत्या. परक्या देशातल्या, नातीच्या वयाच्या मुलीने आपला पाय असा मांडीवर घ्यावा, याने मला फार भरून आलं होतं.

नाक, गाल आणि कानाच्या पाळ्या या जागा आपल्या आपल्याला दिसत नाहीत. म्हणून जोडी लावून घ्या आणि अधूनमधून एकमेकांचे चेहरे बघा. पांढरा डाग दिसला तर हातमोजा काढून गरम तळवा त्यावर नुसता ठेवायचा. मी आणि नणंद दर थांब्यावर एकमेकींची तोंडं न्याहाळत होतो.

खाणं, पाणी आणि बॅटऱ्या

आपण इथून हौसेने चिक्की नेतो. उणे पंधराला चिक्की दगड होते, दात जपा. त्यापेक्षा शेंगदाण्याचे किंवा डिंकाचे लाडू छोटे छोटे वळून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवले की अंगाच्या उबेने मऊ राहतात. आम्ही मार्चमध्ये डिंकाचे लाडू नेले होते. गाइडला एक दिला, तिने दुसरा मागून घेतला.

थर्मासमध्ये गरम पाणी आणि दुसऱ्यात सुंठ-गुळाचा चहा असं आम्ही नेलं. साधी बाटली नेणार असाल तर गरम पाणी भरून ती सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, उलटी ठेवली की झाकण मोकळं राहतं. नळीची पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या अर्ध्या तासात गोठते. तहान लागत नाही म्हणून पिणं टाळू नका. कोरड्या हवेत श्वासातून बरंच पाणी जातं आणि पाणी कमी पडलं की हातपाय आणखी गार पडतात. बायका लघवीच्या भीतीने पाणी पीत नाहीत हे मला माहीत आहे. वाटेवर कोरडे संडास आहेत, हूस्सी म्हणतात. तिकडच्या बऱ्याच हूस्सींमध्ये बैठक थर्मोकोलची असते आणि ती अजिबात गार लागत नाही. तेव्हा निर्धास्त प्या.

फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेर राहिला तर साठ टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडतो, उबेत आणला की पुन्हा चालू होतो. कॅमेरा असेल तर गाडीत किंवा घरात शिरण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा, नाहीतर त्यावर दव धरतं.

ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांनी ते सॅकमध्ये ठेवायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. दमा असेल तर पंप आतल्या खिशात, आणि तोंडावरून पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ओढून घ्यायचा म्हणजे श्वास थोडा कोमट होऊन आत जातो. थंडीत रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. असा काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना थेट विचारा की उणे वीसमध्ये तीन तास चालू का? तिकडचा मदतीचा क्रमांक 112 आहे.

उतरणं

वाट आधी रानातून जाते आणि मग घळीत उतरते. म्हणजे आपल्या गडांच्या उलट. उतार आधी, चढ शेवटी. हे लक्षात ठेवून ताकद राखायची. काही ठिकाणी लाकडी पायऱ्या आहेत, पण त्यांच्यावर बर्फ तुडवून तुडवून घसरगुंडी झालेली असते. गाइड बुटांवर ओढायचे खिळ्यांचे रबरी पट्टे देतात. ते गाडीत बसूनच चढवा, बाहेर उघड्या हातांनी करायचं काम नाही ते.

भुसभुशीत बर्फावर उतरताना टाच रोवायची. कडक, चकचकीत बर्फावर टाच रोवली तर पाय सटकतो. तिथे सबंध तळवा सपाट टेकवायचा, म्हणजे सगळे खिळे एकदम लागतात. पावलं छोटी आणि गुडघे थोडे वाकलेले, निसरड्या शेवाळावर आपण टाकतो तशी. या बाबतीत पावसाळी ट्रेकची सवय फार कामाला आली. नणंदेला शेवटच्या तीव्र उतारावर भीती वाटली. गाइडने तिला बाजूच्या दोराला धरून, तोंड कड्याकडे करून, शिडी उतरतात तसं उतरवलं. कुणी घाई केली नाही. मागच्यांनी थांबून वाट बघितली आणि तेवढ्यात फुगीर जाकिटं अंगावर चढवली.

पायवाट सोडून बाजूला पाय टाकू नका. तुडवलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेएवढा बर्फ असू शकतो. नदीवरही गाइड नेईल तिथूनच जायचं, कारण बर्फाखाली पाणी वाहत असतं.

बर्फापाशी

खाली पोचलात की पहिली गोष्ट, गप्प बसा. मुद्दाम सांगते, कारण पहिल्या वेळी आमच्या ग्रुपमध्ये पोचल्या पोचल्या सेल्फींचा गलका झाला आणि मला काही ऐकूच आलं नाही. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे घळीत इतकी शांतता असते की स्वतःच्या जाकिटाची सळसळ खटकते. दुसऱ्या वेळी आम्ही दोघी रुस्केआ व्हिर्ताच्या कडेला गेलो. गाइडने आधी वर बघून घेतलं, लटकणारा सुळका नाही अशी जागा दाखवली आणि म्हणाली, टोपी वर करून कान लावा. कातडी बर्फाला टेकवायची नाही, बोटभर अंतर ठेवायचं. मी कान नेला. आत पाणी चाललं होतं. गुळगुळ असा बारीक आवाज, मग एक थेंब, जरा वेळाने दुसरा. बाहेरून सबंध पुतळ्यासारखा थिजलेला धबधबा आतून जिवंत होता. नणंद बराच वेळ तिथून हलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवतात तसं वाटलं गं." ती तीस वर्षं सुईणकाम केलेली परिचारिका आहे, तिला तेच आठवणार.

मम्मुत्तीवर बहुधा गिर्यारोहक असतात. दोन हातांत दोन कुदळींसारखी हत्यारं, बुटांना पुढे टोकं आणि दोराला बांधलेले. पाहायला फार छान, पण त्यांच्या खाली कधीच उभं राहू नका. कुदळ मारली की ताटाएवढा तुकडा सुटून येतो. लटकत्या सुळक्यांखाली जाऊन फोटो काढायचा मोहही टाळा. फोटोसाठी सांगायचं तर माणूस चौकटीत असल्याशिवाय उंची कळत नाही, तेव्हा कुणाला तरी रंगीत जाकिटात, अंतर राखून उभं करा.

शेकोटी

तिकडे कुठल्याही रानात चालायची मुभा आहे, पण आग कुठेही पेटवता येत नाही. ठरलेल्या जागा आहेत, शेजारी लाकडांची खोपी असते. लाकूड लागेल तेवढंच घ्यायचं आणि कचरा सगळा परत न्यायचा. गाइडने पेटवण किती नेटकी रचली, ते बघत राहावंसं वाटलं. लाकूड चाकूने तासत तासत पंख्यासारखं केलं, त्याखाली भूर्जाच्या सालीचा पापुद्रा ठेवला. त्या सालीत तेल असतं, ओली असली तरी पेट घेते. आपल्या पूर्वजांनी ज्यावर पोथ्या लिहिल्या ते भूर्जपत्र याच जातकुळीतल्या हिमालयातल्या झाडाचं. मी एक तुकडा हातात घेऊन बघितला. कागदासारखे पातळ पदर, एकावर एक.

इथे बसलात की लगेच फुगीर जाकीट घाला, बुडाखाली फोमची घडी घ्या आणि ओला थर बदला. लाकडी कपातून, कुक्सा म्हणतात, बेरींचा गरम रस देतात. तो प्या.

शेकोटीपाशी बहुतेक वेळा एक पक्षी येतो, कूक्केली. करडा-तपकिरी, शेपटीला तांबूस झाक, माणसाला न भिणारा. हात-दोन हातांवर येऊन बसतो. गाइड म्हणाली, जुनी माणसं मानायची की मेलेल्या लाकूडतोड्यांचा जीव या पक्ष्यात येतो, म्हणून त्याला कुणी दुखवत नसे. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पिंडापाशी कावळ्याची वाट बघत उभं राहण्याचा प्रसंग आमच्या घरात नुकताच होऊन गेला होता. पक्षी थोडा वेळ बसला आणि उडून गेला.

परत

शेवटची चढण वीस-पंचवीस मिनिटांची, आणि सगळ्यांत जास्त घाम इथेच येतो. निघण्याआधीच एक थर काढा, गारठा वाटला तरी. बोलता बोलता चढता येईल इतकीच चाल ठेवा. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं नाही, चाल निम्मी करायची. गाडीत बसलात की टोपी आणि वरचे थर उतरवा, नाहीतर हीटरमध्ये पुन्हा घाम येतो आणि हॉटेलच्या दारापर्यंतच्या शंभर पावलांत गारठा भरतो. बुटांचे आतले तळवे काढून वेगळे वाळवा, पण हीटरवर ठेवू नका.

आम्ही ओउलूला मुलाच्या घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सुनेने मुगाची खिचडी टाकून ठेवली होती. जेवणं झाल्यावर, पाय पूर्ण गरम झाल्याची खात्री करून, नणंदेने डबीतून दोघींची जोडवी काढली. आधी माझी घालून दिली, मग तिची मी.